गावच्या लेकीला सांगितलेले भाव

ते भांडण झालं त्या दिवशी प्रमिलाबाईची भाकरी करपली. तव्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, हात पिठात होते आणि पुढच्या खोलीत बाप-लेक एकमेकांना ऐकवत होते. मध्ये पडायचं तर तिच्या मनात नव्हतं, पण ऐकणं सोडवतही नव्हतं. त्यामुळे ती चुलीजवळून उठलीही नाही आणि भाकरी उलटायचीही राहिली.

रुचिका तेव्हा एकवीस वर्षांची. शहाद्याच्या कॉलेजातून नुकतीच बी.ए. झालेली. छगनचं म्हणणं एवढंच होतं, की बी.एड. कर, जवळच्या शाळेत लाग आणि घरचं जेवण जेव. रुचिकाला पुण्याला जाऊन अर्थशास्त्रात एम.ए. करायचं होतं. छगनने आयुष्यभर तापीच्या काठी केळी आणि पपई पिकवलेली. शास्त्र म्हटलं की त्याला पंचांग घेऊन आलेला भटजीच आठवायचा.

"त्यामा शिकाडतस तरी काय?" त्याने विचारलं.

बाजार कसा चालतो, भाव कसा ठरतो, घर कसं चालतं, कोण किती राबतं आणि कोणाला किती मिळतं, असं रुचिकाने सांगितलं.

"घर तर तुन्ही माय बी चालाडस," छगन म्हणाला. "तिले कोनी पगार देस का?"

"तेच शिकाले जाई ऱ्हायनू मी, आप्पा."

छगन उठून बाहेर ओट्यावर गेला. आत प्रमिलाबाईने करपलेली भाकरी काढून स्वतःच्या ताटात ठेवली, आणि तिला संध्याकाळपर्यंत मधूनमधून हसू येत राहिलं. छगन दोन दिवस लेकीशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने शहाद्याला गेला आणि पत्र्याची एक पेटी घेऊन आला. कुलूपसुद्धा नवं आणलं होतं. रुचिका पुण्याला गेली.

प्रमिलाबाई स्वतः तिसरी शिकलेली. चौथीत नाव घातलं त्याच वर्षी धाकटा भाऊ झाला, आणि त्याला कडेवर घेऊन फिरण्यात चौथी गेली ती गेलीच. तिला सही करता येते आणि एस.टी.ची पाटी वाचता येते, म्हणजे जगात कुठंही जाऊन परत येता येतं, असा तिचा हिशेब. लेकीच्या शिक्षणाबद्दल तिला फारसं कळत नव्हतं. तिची एकच इच्छा होती, लेक कुठंतरी कायम व्हावी.

कायम हा शब्द त्यांच्या गावात, सारंगखेड्यात, देवाच्या नावासारखा घेतात. शेजारच्या मंगलाबाईची मुलगी जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात नर्स आहे, कायम. मंगलाबाई हे दिवसातून एकदा तरी सांगते, समोर कोणी नसलं तर भांड्यांना सांगते. रुचिका एम.ए. होऊन आली आणि शहाद्याकडच्या एका कॉलेजात शिकवायला लागली, तेव्हा मंगलाबाई पहिल्याच दिवशी विचारायला आली, कायम का? तर नव्हे. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवलं तेवढेच पैसे. दिवाळीची सुट्टी लागली की पोरं नाचायची आणि शिकवणाऱ्या बाई कॅलेंडरकडे बघत बसायच्या.

पुढे तिचं लग्न झालं. जावई धर्मेंद्रराव नंदुरबारला वीज कंपनीत, तो मात्र कायम. घरात एक तरी कायम असावं म्हणून स्थळ पसंत केलं, असं छगन उघडपणे सांगायचा. धर्मेंद्रराव शांत माणूस. बायको गावाला गेली की स्वतः वरण-बट्टी करून खातो आणि शेजाऱ्यांनाही वाढतो. याची चर्चा लग्नानंतर दोन वर्षं चालली, मग लोकांना बट्टी आवडायला लागली आणि चर्चा थांबली.

कॉलेजात चार-पाच वर्षं तासांवर काढल्यावर रुचिकाला पुण्याच्या एका कंपनीने बोलावलं. सल्ला देणारी कंपनी. छगनला हे पटेचना. सल्ला तर आपल्या पारावर फुकट मिळतो, नको असला तरी मिळतो, तो विकत घ्यायला पुण्याला कोण जाईल, असं तो म्हणायचा. प्रमिलाबाईने लेकीला नीट विचारून घेतलं. रुचिकाने समजावलं, की कोणाला एखादं मोठं काम सुरू करायचं असतं, कारखाना म्हण, दुकान म्हण. पैसा घालायच्या आधी कोणीतरी जाऊन बघावं, लोकांना विचारावं, मोजावं आणि करा की करू नका ते सांगावं. ते काम आमचं.

"म्हनजे स्थळ पाहाले जातस तसं," प्रमिलाबाई म्हणाली.

रुचिका हसली आणि म्हणाली, अगदी तसंच. तेव्हापासून प्रमिलाबाई विचारणाऱ्याला सांगायची, की आमची रुचिका धंद्यांसाठी स्थळं पाहते. पुढच्या गल्लीतली एक बाई भाचीची पत्रिका घेऊन आली, तेव्हा तिला चहा पाजून परत पाठवावं लागलं.

कंपनीतही कायम नव्हतंच. वर्षाचा करार. वर्ष संपलं की पुन्हा सही, आणि काम कमी असलं की सही नाही. सही झाली नाही तर रुचिका परत नंदुरबारला यायची आणि कॉलेजात तास घ्यायची. कंपनीकडे काम आलं की पुन्हा पुण्याला. असं चार वेळा झालं. गावाला हिशेब लागेना. बसमध्ये दिसली की लोक आधी विचारायचे, सध्या कोणीकडे? कॉलेजात ती पोरांना पपईच्या गाड्यांचं आणि शहाद्याच्या दुकानदारांचं सांगायची, तर पोरं म्हणत, मॅडम, पुस्तकातलं शिकवा. कंपनीत ती सावकाश, फळ्यावर लिहिल्यासारखं समजावून सांगायची, तर तिथले म्हणत, मॅडम, पुस्तकातलं नको. तिला दोन्हीकडे करमायचं आणि दोन्हीकडे काहीतरी कमी पडायचं. हे ती आईला सांगायची नाही. आईला फोनवर आवाजावरून कळायचं.

अशी तेरा-चौदा वर्षं गेली. मग कंपनीकडे घोड्यांचं काम आलं.

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि घोड्यांचा बाजार पुढे बरेच दिवस चालतो. कुठून कुठून घोडी येतात, पांढरीशुभ्र नुकरा, काळी, चार पाय आणि कपाळ पांढरं असलेली पंचकल्याणी. नदीकडच्या मैदानात तंबूंचं गावच वसतं. कोणा कंपनीच्या मनात आलं, की घोड्यांचे भाव मोबाइलवर दिसावेत, म्हणजे लांबच्या गिऱ्हाइकाला घरी बसून कळावं. पण त्याआधी त्यांना माहीत हवं होतं, की इथे घोडी विकली जातात किती आणि कशा भावाने. ते काम पुण्याच्या कंपनीकडे आलं. तिथल्या मोठ्या मॅडमनी माणसांची यादी बघितली आणि रुचिकाला बोलावलं, तू तिथलीच ना? हे नीट केलंस तर पुढच्या एप्रिलपासून करार नाही. कायम.

रुचिकाने हे रात्री फोनवर सांगितलं. प्रमिलाबाईने फोन छगनकडे दिला आणि दिव्याला तेल घालायला गेली. दिव्यात तेल होतंच.

भाव विचारणं मात्र सोपं नव्हतं. सारंगखेड्यात घोड्याचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. हजार की लाख, ते जनावराकडे बघून दोघांनाही कळतं. दहा माणसं भोवती उभी असतात, कोणाला काही समजत नाही. सौदा झाला तरी भाव त्या दोन हातांतच राहतो. म्हणून स्वस्तात विकणाऱ्याला चारचौघांत खाली बघावं लागत नाही आणि महाग घेणाऱ्यालाही नाही.

रुचिकाने सलाउद्दीन चाचांना गाठलं. चाचा खोगीर आणि लगाम बनवतात, यात्रेत दलालीही करतात. लहानपणी रुचिका त्यांच्या दुकानात चामड्याच्या तुकड्यांवर बसून गणितं सोडवायची, म्हणून तिच्या पाटीला तेलाचा वास यायचा. चाचांनी तिला तंबू-तंबूतून फिरवलं आणि प्रत्येकाला सांगितलं, ही आपल्या छगनभाऊची मुलगी, सौदा झाल्यावर हिला भाव सांगा, कुठे बोलणार नाही.

आणि लोकांनी सांगितले. रुचिकालाही नवल वाटलं. बाप पोराला सांगत नाही तो भाव तिला विचारल्याबरोबर मिळत होता. नऊ दिवसांत एकशे ऐंशी घोडी तिच्या वहीत उतरली. रोज संध्याकाळी ती थकून घरी यायची आणि बट्टी खाता खाता म्हणायची, आई, परक्या गावात असं कधी झालं नाही. प्रमिलाबाई तूप वाढायची. छगन ताटातच बघत राहायचा. तेव्हा तिला वाटलं, लेकीचं कौतुक ऐकून लाजत असेल.

अहवाल पुण्याला गेला. तिथे सगळे खूश. बाजार वाटला होता त्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला होता. ती मोबाइलवाली कंपनी तर जागा बघायला माणसं पाठवायला निघाली. जानेवारीत मॅडमनी रुचिकाला सांगितलं, एप्रिलची पहिली तारीख, कागद तयार होतोय. प्रमिलाबाईने ही बातमी मंगलाबाईला सांगताना मुद्दाम दारातच उभं राहून सांगितली, म्हणजे गल्लीलाही ऐकू जावं.

फेब्रुवारीत मंगलाबाईच्या गच्चीवर बिबड्या घालायचं काम होतं. ज्वारीचं शिजवलेलं पीठ, ओल्या फडक्यावर थापायचं आणि उन्हात सोडायचं. चार बायका होत्या. बोलता बोलता मंगलाबाईने सांगितलं, की तिच्या मुलाची, भीमसिंगची घोडी यंदा एक लाख चाळीस हजाराला गेली.

प्रमिलाबाईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. भीमसिंगच्या घोडीचं नाव रुचिका घरात कौतुकाने घ्यायची. तिच्या वहीत ती दोन लाखाला होती.

"दोन लाख तिले सांगं ना," मंगलाबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात लपवाछपवी अजिबात नव्हती, उलट मोठेपणा होता. "गावनी लेक शे. तिना कागदवर आपला बाजार बारीक दिसाले नको. आमना एकलानी नही, बठ्ठास्नी वाढाडी सांगं. छगनभाऊच तर सांगी गयथा."

म्हणजे एका घोडीची गोष्ट नव्हती, सगळ्यांनीच भाव वाढवून सांगितले होते. प्रमिलाबाईची बिबडी फडक्यावर वाकडी पडली. तिने ती तशीच उन्हात ठेवली, हात धुतले आणि घरी आली.

छगन ओट्यावर बसून केळीच्या दोरीची गाठ सोडवत होता. तिने विचारलं, तेव्हा त्याने आधी गाठ पूर्ण सोडवली. मग म्हणाला, मी काही कोणाला खोटं बोला असं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की आमची पोरगी येणार आहे, जरा दमदार सांगा. स्कूटरवर जाऊन रोज सकाळी सांगितलं. ती उठायच्या आधी.

पण कशाला, असं प्रमिलाबाईने विचारलं.

"पंधरा वरीस व्हई गयात," छगन दोरी गुंडाळत म्हणाला. "तिना कामले मी कवय हात लावा? यंदा लावता उना, म्हनीसन लावा."

आता यावर माणसाने रागवावं तरी कसं. प्रमिलाबाई चहा करायला आत गेली. त्या दिवशी चहात साखर पडली नाही आणि दोघांनीही तो तसाच पिऊन टाकला.

चार दिवस तिने कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचंच नाही, असंही मनात आलं. खरा भाव ज्या हातांना माहीत होता ते हात कधीच आपापल्या गावी गेले होते. पुण्याच्या मॅडम काही रुमालाखाली हात घालून बघणार नव्हत्या. एप्रिल दीड महिन्यावर आला होता. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात येऊन उभं होतं, आणि ते परत पाठवायचं की नाही हे तिच्या एका फोनवर होतं. ती भाजी निवडायची आणि निवडलेल्यात देठ टाकायची.

पाचव्या दिवशी तिने तिच्याच पद्धतीने विचार केला. एखाद्या घरी स्थळ पाहायला माणूस पाठवला, आणि मुलीकडच्यांनी प्रेमापोटी का होईना त्याला खोटं सांगितलं, वय कमी सांगितलं, शेत जास्त सांगितलं. त्या माणसाने परत येऊन तेच सांगितलं. पुढे नांदायची वेळ आली की घरात कोणाचं नाव निघेल? ज्याने खोटं सांगितलं त्याचं नाही. जो बघून आला त्याचं.

तिने फोन लावला आणि सगळं सांगितलं, छगनच्या स्कूटरसकट.

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग रुचिकाने विचारलं, किती जणांनी?

"बठ्ठास्नी," प्रमिलाबाई म्हणाली.

रुचिका आधी हसली. खूप हसली, इतकी की प्रमिलाबाईला धीर आला. मग हसणं थांबलं, आणि ती म्हणाली, आई, मी आजच मॅडमना सांगते. उद्यावर टाकलं तर माझ्याच्याने सांगवणार नाही.

मॅडमनी ऐकून घेतलं. हे कळलं कसं, असं विचारलं. बिबड्या घालताना कळलं, हे रुचिकाने त्यांना सांगितलं की नाही ते माहीत नाही. मॅडम पुढे म्हणाल्या, की तू बोलली नसतीस तर कोणाला कळलं असतं? रुचिका म्हणाली, मला कळलेलंच आहे ना. मग मोबाइलवाल्या कंपनीला कळवलं गेलं. ते चिडले, पण काम सोडलं नाही. पुढच्या यात्रेत पुन्हा मोजा, नीट मोजा, आणि यावेळी पैसे मिळणार नाहीत, असं त्यांनी ठरवलं. एप्रिलचा कायमचा कागद दुसऱ्याच्या नावाने निघाला. रुचिकाचा करार डिसेंबरअखेरपर्यंत वाढवला, तो या मोजणीपुरता. पुढचं पुढे बघू, असं मॅडम म्हणाल्या. अशा बघूचा अर्थ चौदा वर्षं तासांवर आणि करारांवर काढलेल्या बाईला समजावून सांगावा लागत नाही.

छगनने जेवण कमी केलं. मग एक दिवस धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर येऊन बसला, म्हणाला पुण्याला जातो, मॅडमना सांगतो की चूक माझी. फोनवर रुचिकाने त्याला थांबवलं.

"आप्पा, तुम्हीन गयात तर मॅडमना बी भाव वाढाडी येशात."

छगन त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला.

पण प्रश्न होता तिथेच होता. पुन्हा विचारायचं कसं? गाव तेच, लेक तीच, प्रेम तेच. यात्रेच्या महिनाभर आधी रुचिका आली आणि आईला घेऊन सलाउद्दीन चाचांच्या दुकानात गेली. अर्शियाने, त्यांच्या सुनेने, चहा आणला. चाचा खोगिराला टाके घालत होते. त्यांना मागच्या वर्षीचं सगळं कळलं होतं आणि त्यांना त्याची लाजही वाटत होती, कारण तंबू-तंबूतून फिरवलं होतं त्यांनीच.

"बेटी, तू समोर उभी राहीसन विचारस," ते म्हणाले. "समोर लेक दिसनी की मानूस तिना मान ठेवस. मान ठेवाना म्हनजे थोडं खोटं बोलनंच पडस. रुमाल कशाले टाकतस आम्ही? तोंड दिसू नही म्हनीसन. तू बी तोंड फिराव."

रुचिकाने चहा तसाच ठेवला. कॉलेजात तिने पोरांना शिकवलेलं, की माणसाला विचारायचं तर त्याचं नाव त्याच्या उत्तरापासून वेगळं काढावं लागतं. चाचांनी तेच टाके घालता घालता सांगितलं होतं. पण चिठ्ठी म्हणावी तर निम्म्यांना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांचं अक्षर गावाला ओळखू येतं.

"दाना टाकतीन," प्रमिलाबाई म्हणाली. तिला पुडीचं सुचलं. हरभऱ्याचा एक दाणा म्हणजे दहा हजार. मुगाचा एक दाणा म्हणजे हजार. ज्याचा सौदा झाला त्याने आपापले दाणे मोजून कागदात बांधायचे आणि पुडी मडक्यात टाकायची. मडकं लहान तोंडाचं, वर चाचांचा रुमाल. एक घोडं, एक पुडी. पुडीवर नाव नाही, सौदा करणाऱ्याकडे कोणी बघायचं नाही.

चाचांनी सुई थांबवून रुचिकाकडे बघितलं. "तुन्ही माय किती शिकेल शे?" त्यांनी विचारलं. तिसरी, असं कळल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुन्हा टाके घालायला लागले.

मग घरात कामाला हात लागले. प्रमिलाबाईने जुनी वर्तमानपत्रं कापून चौकोन केले. हरभरा आणि मूग निवडले, कीड लागलेला दाणा चालणार नव्हता, अर्धा दाणा म्हणजे पाच हजार का, असा वाद कोणी घालू नये म्हणून. छगनला यावेळी यात्रेत पाय ठेवायला बंदी होती. खुद्द प्रमिलाबाईने घातलेली, आणि स्कूटरची किल्लीही तिने कमरेला खोचलेली. त्याने घरी बसून कागदाचे गठ्ठे बांधायचे, एवढंच. त्याने ते इतके नीट बांधले की सुटता सुटेनात.

पहिल्या दिवशी लोक मडक्याकडे संशयाने बघत होते. कोणी म्हणालं, यात काय नवस बोलायचा? भीमसिंग यंदा एक शिंगरू घेऊन आला होता, ते विकलं गेलं. तो आला, वाटीतले हरभरे मुठीत घेतले आणि रेंगाळला. रुचिकाने पाठ केली होती.

"ताई," तो हळूच म्हणाला, "जराखा जास्त टाकू का?"

"टाक की. पन ते तुन्हं शे हाई कोनलेच समजाव नही. माले बी नही."

भीमसिंग विचारात पडला. ज्याचं कौतुक कोणाला कळणार नाही ते दाणे वाढवायचे कशाला, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण तो चेहरा बघायला फक्त प्रमिलाबाईच होती, आणि तिनेही वेळेवर मूग निवडायला मान खाली घातली. कागदाची कुरकुर झाली, पुडी मडक्यात पडल्याचा आवाज आला. जाताना त्याच्या मुठीतले चार-पाच हरभरे त्याने वाटीत परत टाकले.

पुढे गोष्ट रुळली. उलट लोकांना त्यात मजा वाटायला लागली. रोज संध्याकाळी पुड्या घरी यायच्या, प्रमिलाबाई ताटात एकेक सोडायची आणि दाणे बोटाने सरकवत मोजायची. आयुष्यभर तिने धान्य निवडलं होतं, तेव्हा कोणी वहीत लिहून घेत नव्हतं. आता ती आकडा बोलायची आणि लेक लिहून घ्यायची. एका पुडीत चौदा हरभऱ्यांबरोबर एक बदाम निघाला. बदामाचा भाव काय धरायचा यावर मायलेकी अर्धा तास बोलल्या. छगन म्हणाला, लाख धरा. त्याला गप्प बसवलं. शेवटी बदाम खाऊन टाकला आणि पुडी बाजूला ठेवली, मोजणीत धरली नाही.

आकडे मागच्या वर्षीपेक्षा बरेच खाली आले. बाजार तरीही लहान नव्हता, फक्त जेवढा होता तेवढाच होता. रुचिकाने पुण्याला रोजचे आकडे पाठवले. मॅडमचं उत्तर आलं, की हे पटण्यासारखं आहे. त्यापुढे एक ओळ होती, की ही पुडीची पद्धत आम्ही दुसऱ्या ठिकाणी वापरू, तू लिहून दे. कायमचं काही नव्हतं त्यात. मोबाइलवाली कंपनी पुढे काय करणार, ते अजून कोणाला माहीत नाही.

त्याच आठवड्यात शहाद्याकडच्या कॉलेजातून फोन आला. जानेवारीपासून तास घ्याल का? रुचिका हो म्हणाली. प्रमिलाबाईने सवयीने विचारलं, कायम? रुचिका म्हणाली, तासांवर, आई. आणि दोघी पुन्हा पुड्या सोडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी मंगलाबाईने तोच प्रश्न भिंतीवरून विचारला. नाही झाली, असं प्रमिलाबाईने सरळ सांगितलं. आवाज चढला नाही की पडला नाही. उलट मंगलाबाईच भिंतीपाशी घुटमळली आणि तिने विचारलं, मूग उरलेत का थोडे?

यात्रा उठायच्या दिवशी दुपारी तंबूंचे दोर सुटत होते. ट्रकात घोडी चढत होती. मैदानभर गवत, लीद आणि शेणाच्या गोवऱ्यांचा धूर. रुचिकाचा करार चार दिवसांनी संपणार होता आणि कंपनीला द्यायचा आकडा तसा पुरा झाला होता. मायलेकी मडकं उचलून निघाल्या तेवढ्यात सलाउद्दीन चाचांनी लांबून हाक मारली. गुजरातकडचा दलसिंग म्हणून एक म्हातारा, त्याची घोडी आठ दिवस विकली जात नव्हती, ती आत्ता गेली होती.

प्रमिलाबाई म्हणाली, एकाने काय फरक पडतो, तुझी पाचची नंदुरबारची बस जाईल. रुचिका परत फिरली. मैदान ओलांडून ती म्हाताऱ्याच्या खुंट्यापाशी गेली, मडकं जमिनीवर नीट बसवलं, रुमाल पसरला. दोन वाट्या आणि कागदाचा एक चौकोन त्याच्यासमोर ठेवला. हरभरा कोणता आणि मूग कोणता, ते पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं.

"टाका, दादा. घाई नही," ती म्हणाली आणि नदीकडे तोंड करून उभी राहिली.

म्हातारा फार वेळ मोजत होता. दोनदा चुकला, पुन्हा सुरू केलं. रिकामा खुंटा बघून मध्येच थांबलाही. रुचिकाने मागे वळून बघितलं नाही. पुडी पडल्याचा आवाज आला तेव्हा ती वळली, वहीत पुड्यांच्या मोजणीत दोनशे चौदा हा आकडा लिहिला, त्यापुढे तारीख घातली, आणि म्हाताऱ्याला विचारलं, चहा घेशात का?